स्थिरीकरण : सावरलेल्याने दुसऱ्यास सावरावे

आपल्या नगरच्या बाजारपेठेत पत हीच खरी पुंजी मानली जाते. म्हणूनच घरातील व्यसन किंवा मनाचा आजार आपण जिवापाड झाकतो. मुलामुलींच्या सोयरिकी, पेढीचे नाव, समाजातील स्थान, सारेच पणाला लागल्यासारखे वाटते. बँकेत असताना एका व्यापाऱ्याचे धनादेश मी ‘सहीत फरक’ असा शेरा मारून अनेकदा परत पाठविले. त्यांचा हात का थरथरतो, हे मला कळत होते. विचारण्याचे धैर्य मात्र झाले नाही. पुढे ते खाते बंद झाले आणि पेढीही. तो शेरा मला आजही बोचतो.

सप्तव्यसनांचा त्याग आपल्याकडे बालपणापासून शिकविला जातो. त्यामुळे जो घसरतो, त्याला रोगापेक्षा लाज अधिक छळते. तो घरच्यांना वचन देतो आणि मोडतो. अशा वेळी त्याला उपदेशक नको असतो. त्याच खड्ड्यातून वर आलेला सोबती हवा असतो.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरी हेच घडले. बिल विल्सन हे न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरलेले गृहस्थ. दारू नुकतीच सुटलेली आणि ज्या व्यवहारासाठी आले तो फिसकटलेला. पुन्हा प्यावेसे वाटू लागताच त्यांनी दुसऱ्या एका मद्यपीचा शोध घेतला. ते होते शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. दुसऱ्याला सावरताना आपणही सावरतो, हा त्या भेटीतील अनुभव होता. त्यातूनच ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. तेथे शुल्क नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही आणि बाहेरची देणगीही स्वीकारली जात नाही.

आपल्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर, पुण्यात, डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे बरे झालेले अनेक जण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले. ‘तुम्हाला काय कळणार?’ असे त्यांना म्हणण्याची सोयच उरत नाही. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापिलेल्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’च्या परिवारात रुग्णास ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्यास ‘शुभंकर’ म्हणतात. ‘वेडा’ हा शब्द ज्या घराने सोसला आहे, त्यालाच या दोन शब्दांचे मोल कळेल.

अर्थात सोबती हा डॉक्टरांना पर्याय नव्हे. जुन्या मद्यपीने एकाएकी दारू थांबविल्यास जिवावर बेतू शकते. मनोविकाराची औषधेही परस्पर बंद करू नयेत. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

सम्यक्दर्शनाच्या आठ अंगांत ‘स्थिरीकरण’ सांगितले आहे : मार्गावरून ढळणाऱ्यास पुन्हा स्थिर करणे. आपल्या संघांनी भवनातील एखादी खोली आठवड्यातून एक संध्याकाळ अशा गटासाठी मोकळी ठेवावी. दारात नोंदवही नसावी, गाव-गोत्र विचारू नये. आयुष्यभर लोकांच्या सह्या तपासल्यावर मला आता एवढेच वाटते, की सही न मागणारी एक तरी जागा आपल्या गावात असावी.