तार वाचली, पैसा वाचला काय?

यंत्र आणि व्यवहार : लेखांक सहावा

मागील लेखांकात तारेच्या दूरध्वनीने व्यापाराला कोणते वळण दिले ते आपण पाहिले. तार काढून टाकली म्हणजे तिच्याबरोबर खर्चही निघून जातो काय, हा यापुढचा प्रश्न असून महाड-पोलादपूरच्या कारखानदारांना व दुकानदारांना तो आज रोजच्या जमाखर्चात सोडवावा लागतो.

बिनतारीने खर्च उतरतो याचा मोठा दाखला आपल्याच प्रांतातला आहे. २३ जुलै १९२७ रोजी खडकी व दौंड येथील केंद्रांच्या द्वारे हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यातील बिनतारी संदेशसेवा सुरू झाली. आणि समुद्रतळाशी हजारो मैल केबल टाकून ती राखण्याचा बोजा अशा सेवांवर नसल्यामुळे त्यांचे दर एवढे खाली आले की, केबल कंपन्यांना स्पर्धा झेपेना व १९२९ साली ब्रिटिश साम्राज्यातील दोन्ही व्यवसायांचे एकीकरण करावे लागले. मात्र तेथे वाचलेली रक्कम हजारो मैलांच्या केबलची होती, हे ध्यानात ठेवूनच महाडच्या औद्योगिक वसाहतीकडे वळावे.

तेथील एखाद्या रासायनिक कारखान्यात आवाराच्या टोकाला उभ्या असलेल्या टाकीची पातळी नियंत्रण कक्षात दिसावी म्हणून तार न्यायची, तर केबलसोबत ट्रे, पाइप, ग्लँड, खोदाई व फिटरची मजुरी हे सारे ओघाने आले, आणि ज्वालाग्राही वाफांच्या जागी कामाचा परवाना घेऊन तेवढा वेळ उत्पादन थांबवावे लागले तर तीही तूट खर्चातच धरावी लागते. बॅटरीवरचा बिनतारी ट्रान्समीटर हा भार वाचवितो. परंतु तो स्वतः महाग असतो, त्याला गेटवे लागतो, अशा धोक्याच्या जागेसाठी प्रमाणित केलेली बॅटरी मुदतीने बदलावी लागते, आणि पातळी मिनिटाऐवजी दर काही सेकंदांनी कळावी असा आग्रह धरल्यास ती मुदत फार लवकर भरते. म्हणूनच दूरच्या टाकीची नुसती पातळी वाचण्यास बिनतारी साधन किफायतशीर ठरते, तर रिअ‍ॅक्टरचे तापमान ताब्यात ठेवण्याचे काम सहसा तारेवरच सोपविले जाते.

बाजारपेठेतील किराणा दुकानदाराचा हिशेब याहून लहान, पण त्याच जातीचा आहे. यूपीआयच्या व्यवहारावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला शुल्क पडत नाही, सुट्ट्या पैशांची ओढाताण व बँकेतील भरण्याचा हेलपाटा वाचतो, हा लाभ निःसंशय खरा. तथापि गल्ल्याजवळच्या साऊंडबॉक्सचे भाडे दरमहा खात्यातून परस्पर वळते होते, आणि भांडवली खर्च टळला म्हणून समाधान मानणाऱ्याच्या नजरेतून हा आवर्ती खर्च वर्षानुवर्षे निसटतो. पोलादपूरच्या टेम्पोमालकाचे मात्र तसे नाही: माल उतरवून परतणाऱ्या गाडीला वाटेतच फोनवरून भाडे मिळाले व रिकामी फेरी टळली, तर त्या एका फेरीच्या डिझेलमध्ये फोनचा महिन्याचा आकार सहज वसूल होतो.

या मुलखात आणखी एक रक्कम मांडावी लागते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात महाडचा वीजपुरवठा व संपर्क दोन्ही तुटले, आणि मनोऱ्यापासून हातातल्या फोनपर्यंत तार नसली तरी मनोऱ्याला वीज लागतेच, याचा प्रत्यय संबंध तालुक्याला आला. तेव्हा इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचे सिम आणि गल्ल्यातील रोख शिल्लक यांची तरतूद ज्याच्या अंदाजपत्रकात नाही, त्याची बचत कागदावरचीच होय.

या सर्वांचे तात्पर्य असे की, जेथे माणूस, माल वा वाहन हलते, अथवा जेथे तार नेणेच दुर्घट असते, तेथे बिनतारी साधन आपली किंमत भरून काढते. जेथे टेबल, संगणक व माणूस वर्षानुवर्षे एकाच खोलीत बसतात, तेथे एकदा ओढलेली तार बहुधा स्वस्त पडते. यासाठी व्यापाऱ्याने यंत्राच्या आयुष्याइतक्या वर्षांचे भाडे, बॅटरी, दुरुस्ती व खोळंबा एका बाजूस आणि टळलेल्या फेऱ्या, खोदाई व मजुरी दुसऱ्या बाजूस मांडून मगच कंपनीच्या करारावर सही करावी.

त्या करारातील कोणती कलमे नीट वाचून घ्यावीत, याचा विचार पुढील लेखांकात करू.