ढगात शिरल्यावरचे ५६ सेकंद

दृष्टी हरवली की वैमानिकाचं शरीर त्याला फसवतं. त्या फसवणुकीवरचा उपाय जमिनीवरच शिकावा लागतो.

अमेरिकेतल्या ‘यूएस हेलिकॉप्टर सेफ्टी टीम’ने प्राणघातक अपघातांचा अभ्यास करून वैमानिकांसमोर एक आकडा ठेवला आहे : ५६ सेकंद. बाहेर बघत हेलिकॉप्टर चालवणारा वैमानिक नकळत ढगात किंवा धुक्यात शिरला, तर त्या अपघातांत नियंत्रण सुटायला सरासरी एवढाच वेळ लागला होता. इंजिन ठणठणीत, टाकीत इंधन, वैमानिक पूर्ण शुद्धीवर, आणि तरीही एक मिनिट पुरलं नाही.

२६ जानेवारी २०२० च्या सकाळी कॅलिफोर्नियातल्या कॅलाबसासजवळच्या टेकड्यांवर असंच घडलं. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट, त्याची १३ वर्षांची मुलगी आणि इतर सात जण सिकॉर्स्की एस-७६बी हेलिकॉप्टरमध्ये होते. वैमानिकाच्या गाठीशी आठ हजारांहून अधिक तासांचं उड्डाण होतं. ढगांच्या वर जाण्यासाठी आपण चार हजार फुटांपर्यंत चढतो आहोत, असं त्याने रेडिओवरून कळवलं. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडे वळत झपाट्याने खाली येत होतं. त्याने सांगितलं ते त्याला मनापासून खरं वाटत होतं, कारण त्याचं शरीर त्याला तेच सांगत होतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निष्कर्ष काढला : दृश्यमानता संपत असतानाही उड्डाण पुढे नेण्याचा निर्णय, त्यातून आलेला दिशाभ्रम आणि सुटलेलं नियंत्रण.

८ डिसेंबर २०२१ रोजी तमिळनाडूत कुन्नूरजवळ वायुदलाचं एमआय-१७ व्ही-५ कोसळलं आणि देशाचे पहिले संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्यासह १४ जणांचा मृत्यू झाला. तिन्ही दलांच्या चौकशी पथकाचा प्राथमिक निष्कर्ष असा होता की, दरीतलं हवामान अनपेक्षितपणे बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि सुस्थितीतलं यंत्र जमिनीवर आदळलं. देश वेगळे, यंत्रं वेगळी. घटनाक्रम मात्र ओळखीचा आहे.

कान काय सांगतो?

आपल्या आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव मात्र क्षणभर मागे राहतो, त्यामुळे आतल्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंवर दाब येतो आणि मेंदूला कळतं की आपण वळतो आहोत. पाण्याने भरलेली बादली एकदम फिरवून पाहिली तर हे लक्षात येईल : आधी बादली फिरते, पाणी नंतर. पण बादली त्याच गतीने फिरत राहिली, तर थोड्या वेळात पाणीही तिच्या बरोबरीने फिरू लागतं. कानातही तेच होतं. एकाच गतीने १५-२० सेकंद वळत राहिलं की द्रव नलिकेला गाठतो, तंतू सरळ होतात आणि मेंदूला वाटतं, आपण सरळ चाललो आहोत. सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा हळू सुरू झालेलं वळण तर अनेकदा जाणवतही नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. वैमानिकाने उपकरणाकडे पाहून यान सरळ केलं की द्रव उलट दिशेला रेटा देतो. यान सरळ असतं, पण वैमानिकाला वाटतं आपण विरुद्ध बाजूला कललो. ‘बरोबर वाटेल’ अशा स्थितीत आणण्याच्या प्रयत्नात तो पुन्हा जुन्या वळणात शिरतो. वळणात उंची कमी होते, म्हणून तो नाक वर ओढतो. त्याने वळण आणखी आवळलं जातं आणि घसरण वाढते. कानातलाच दुसरा एक अवयव गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगतो. वेग एकदम वाढला तर तो ‘नाक वर गेलं आहे’ असा खोटा निरोप देतो, आणि वैमानिक नाक खाली दाबतो, जमिनीच्या दिशेने.

एरवी हे सगळे खोटे निरोप डोळे खोडून काढतात. क्षितिजाची रेषा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली तरी मेंदूला पुरते. धुक्यात ती रेषा गेली की उरतो फक्त कान. त्याला विरोध करता येतो तो समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवूनच. तो विश्वास आपोआप येत नाही, तो सरावाने बाणवावा लागतो.

हेलिकॉप्टरच्या बाबतीत धोका आणखी वाढतो. नीट ट्रिम केलेलं, म्हणजे समतोल साधून ठेवलेलं, विमान हात सोडला तरी काही काळ सरळ उडतं. साध्या, ऑटोपायलट नसलेल्या हेलिकॉप्टरला तेवढं स्थैर्य नसतं. एका हातात दिशा देणारी सायक्लिक, दुसऱ्या हातात उंचीसाठी कलेक्टिव्ह, पायाखाली पेडल. एक हलवलं की बाकीची दोन्ही सांभाळून घ्यावी लागतात. रॉबिन्सन या हेलिकॉप्टर कंपनीने आपल्या वैमानिकांसाठी काढलेल्या १८ व्या सुरक्षा सूचनेत हेच बजावलं आहे : विमानाच्या तुलनेत हेलिकॉप्टर कमी स्थिर असतं, फार वेगाने कलतं आणि दृश्यमानता गेली तर ते जीवघेणं ठरू शकतं.

शिवाय हेलिकॉप्टरचा सर्वांत मोठा गुणच इथे सापळा बनतो. ते हळू जाऊ शकतं, खालून जाऊ शकतं. म्हणून ढग खाली आले की वैमानिक थोडं खाली येतो, धुकं दाटलं की थोडा वेग कमी करतो, नदी किंवा रस्ता धरून पुढे सरकतो. वेग ४० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ७५ किलोमीटरच्या खाली गेला की वेग दाखवणारं उपकरणही अविश्वसनीय होत जातं. ढगात शिरण्याच्या क्षणी तो सगळ्यांत खाली, सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत असहाय असतो.

खुर्ची, भाते आणि झाकलेलं कॉकपिट

हे ज्ञान शंभर वर्षांचं आहे. आंतरकर्णाच्या कार्यावरील संशोधनासाठी रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या खुर्चीत १९२६ मध्ये अमेरिकी लष्करी वैमानिक विल्यम ओकर बसले. डोळे मिटल्यावर आपण कुठल्या बाजूला फिरतो आहोत, हे त्या मुरलेल्या वैमानिकालाही सांगता येईना. मग त्यांनी एका पेटीत वळण दाखवणारं उपकरण बसवलं आणि फिरत असताना फक्त तेच पाहिलं. आता उत्तर बरोबर येऊ लागलं. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून, फिरवून, परत उतरवून दाखवलं.

त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून जमिनीवरच हलणारं, कलणारं छोटं विमान तयार केलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या करमणुकीसाठीच जास्त विकलं गेलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपाल सोपवलं गेलं आणि हिवाळी हवामानात काही आठवड्यांत अनेक वैमानिक दगावले, तेव्हा लष्कराने लिंक यांची सहा यंत्रं विकत घेतली. आधुनिक सिम्युलेटरची परंपरा तिथून सुरू होते.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा फारसा सराव नसलेल्या वीस विमानचालकांना बनावट ढगात उडवण्यात आलं. विसांपैकी एकालाही नियंत्रण टिकवता आलं नाही. सरासरी वेळ १७८ सेकंद. या प्रयोगाचा हाच भाग सांगितला जातो, पण दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. याच लोकांना मागे वळून बाहेर पडण्याची साधी, ठरावीक पद्धत थोडा वेळ शिकवली गेली, आणि नंतर बहुतेकांना ती जमली.

संध्याकाळी जमणारे वैमानिक

शिकवता येतं, हे कळल्यावर प्रश्न उरतो तो पोहोचवण्याचा. ब्रिटनमध्ये १९६४ पासून काम करणारी ‘जनरल एव्हिएशन सेफ्टी कौन्सिल’ देशभरातल्या फ्लाइंग क्लबांमध्ये सुरक्षा-संध्या भरवते. दिवसभराचं काम संपवून वैमानिक एकत्र येतात आणि अलीकडचे अपघात, हवामान आणि निर्णय यांवर बोलतात.

अशा ठिकाणी चर्चेला घ्यावा असा अपघात १६ जानेवारी २०१३ चा. लंडनजवळच्या रेडहिलहून एक वैमानिक एकटाच एल्स्ट्रीला ग्राहकाला आणायला निघाला. दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव. धुकं असल्याचं त्याला ठाऊक होतं, ग्राहकाशी त्याचं बोलणंही झालं होतं. एल्स्ट्रीला उतरता आलं नाही, म्हणून तो परत फिरला आणि बॅटरसी हेलिपोर्टवर उतरण्याची परवानगी मागितली. थेम्सकाठी व्हॉक्सहॉल इथे ढगात झाकल्या गेलेल्या उंच क्रेनला हेलिकॉप्टर धडकलं. वैमानिक गेला, खाली रस्त्यावरून चाललेला एक पादचारीही गेला. यात शोधूनही एक मोठी घोडचूक सापडत नाही. सापडतात त्या छोट्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी त्या क्षणी समंजस वाटावी अशी. म्हणून ‘चूक कोणाची?’ यापेक्षा ‘तुम्ही कुठल्या पायरीवर मागे फिरला असतात?’ हा प्रश्न जास्त शिकवतो. बरोबरीच्या माणसांत बसून आधीच दिलेलं उत्तर हवेत आठवतं.

अमेरिकेतल्या हवाई रुग्णवाहिकांच्या वैमानिकांच्या संघटनेने हे उत्तर आकड्यांत बसवलं आहे. हवामानामुळे नेहमीच्या वेगापेक्षा ३० नॉटने हळू जावं लागलं, किंवा दिवसा ३०० आणि रात्री ५०० फुटांखाली यावं लागलं, की चर्चा संपली. मागे फिरा, उतरा किंवा पात्रता आणि सोय असेल तर रीतसर उपकरणांवर उड्डाण सुरू करा. हेलिकॉप्टर कुठेही उतरू शकतं, मग उतरा आणि जगा, असा आग्रह तिथल्या हेलिकॉप्टर व्यवसायाच्या संघटनेनेही धरला. शेतात उतरलो तर लोक काय म्हणतील, ग्राहक काय म्हणेल, या संकोचाने अनेक जीव घेतले आहेत.

सिम्युलेटरमध्ये

खऱ्या ढगात शिरून हा धडा देणं धोक्याचं आहे. डोळ्यांवर झापड लावून सराव करता येतो, पण तेव्हा वैमानिकाला आधीपासून माहीत असतं की आता दिसणार नाही, आणि शेजारी प्रशिक्षक बसलेला असतो. खऱ्या अपघातात घात करतो तो हळूहळू होणारा बदल. सिम्युलेटरमध्ये तो तसाच घडवता येतो : दृश्यमानता पाच किलोमीटर, मग तीन, मग दीड; टेकडीचा माथा ढगात; आणि शेवटी काच पांढरी. हेलिकॉप्टर आदळलं तरी सगळे खुर्चीतून उठून पुन्हा बसतात.

इथे दोन गोष्टी शिकवल्या जातात. पहिली, वेळेवर मागे फिरणं. दुसरी, शिरलोच तर काय करायचं. आधी नियंत्रण : कृत्रिम क्षितिज दाखवणाऱ्या उपकरणाकडे पाहून यान समतल करायचं, शक्ती आणि वेग स्थिर ठेवायचा. मग अडथळे नसलेल्या दिशेला सुरक्षित उंचीपर्यंत चढायचं. मग मार्ग ठरवायचा, वळायचंच असेल तर अगदी हलकं. शेवटी रेडिओवर स्पष्ट सांगायचं की आपण ढगात आहोत आणि मदत हवी आहे. जमीन दिसते का म्हणून बाहेर डोकावायचं नाही. क्रम मोडला की धोका परत येतो.

सिम्युलेटरलाही मर्यादा आहेत. त्याचे यांत्रिक पाय वैमानिक बसलेल्या डब्याला कलवतात, हलवतात, पण सतत वळताना शरीरावर येणारा भार देऊ शकत नाहीत, त्यामुळे कानाची फसवणूक पूर्ण होत नाही. ब्रायंट अपघातानंतर अमेरिकी मंडळाने दिशाभ्रमाचा अनुभव देणाऱ्या तंत्रज्ञानाची तज्ज्ञांकडून तपासणी करण्याची शिफारस केली ती याचसाठी. छोट्या प्रशिक्षण संस्थांसाठी मात्र वाट सोपी होते आहे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपच्या हवाई सुरक्षा यंत्रणेने डोळ्यांवर चढवायच्या आभासी पडद्यावर चालणाऱ्या पहिल्या सिम्युलेटरला मान्यता दिली, आणि तो आर-२२ या छोट्या प्रशिक्षण हेलिकॉप्टरचा होता.

आपल्याकडचं आकाश

भारतात हे ज्ञान आणि साधनं आहेत. बंगळुरूच्या वायुदलाच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेत वैमानिकांना दिशाभ्रमाचा अनुभव दिला जातो. त्याच शहरात एचएएल आणि कॅनडाच्या सीएई कंपनीची हेलिकॉप्टर सिम्युलेटर संस्था आहे. गरजही मोठी आहे. जुहूहून उडणाऱ्या हेलिकॉप्टरना एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला पावसाळ्यात ढगांनी भरलेला सह्याद्री सांभाळावा लागतो. २४ ऑगस्ट २०२४ ला मुंबईहून हैदराबादला निघालेलं हेलिकॉप्टर मुसळधार पावसात पौडजवळ कोसळलं. सुदैवाने चौघे वाचले. २ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात बावधनजवळ जुहूकडे निघालेलं हेलिकॉप्टर दाट धुक्याच्या सकाळी कोसळलं आणि तिघे गेले. १५ जून २०२५ ला केदारनाथहून गुप्तकाशीला परतणारं हेलिकॉप्टर ढगाळ हवेत गौरीकुंडजवळ पडलं. सातही जणांचा मृत्यू झाला, त्यांत यवतमाळ जिल्ह्यातलं एक कुटुंब होतं.

म्हणून जुहू आणि पुण्यातही वैमानिक, अभियंते, ऑपरेटर आणि हवामानतज्ज्ञ यांनी नियमित संध्याकाळी एकत्र बसावं. प्रत्येक व्यावसायिक हेलिकॉप्टर वैमानिकाने दर वर्षी, आणि पावसाळ्याआधी तर नक्कीच, ढगात शिरण्याचा सराव सिम्युलेटरमध्ये करावा. मागे फिरलेल्या वैमानिकाला कंपनीने जाब विचारू नये, त्याची पाठ थोपटावी.

उरलेली जबाबदारी मागच्या सीटवर बसणाऱ्यांची आहे. प्रचारसभेला निघालेले नेते, बैठकीला निघालेले उद्योजक, दर्शनाला निघालेले भाविक, या सगळ्यांना एकच विनंती : ‘हवामान ठीक नाही, आज निघता येणार नाही,’ असं वैमानिकाने सांगितलं, तर त्याला घड्याळ दाखवू नका. त्याचे आभार माना आणि गाडी मागवा.