मशीन जुनं झालं?

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा सांभाळून घ्या. पण एक चूक कबूल करायची आहे.

माझे पप्पा एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत व्हॉलीबॉल खेळायचे. गुडघा दुखायला लागला तेव्हा मीच शहाणपणाने म्हणाले, "पप्पा, आता बस करा. मशीन जुनं झालं." त्यांनी खेळ सोडला. वर्षभरातच जिना चढताना त्यांना दम लागायला लागला.

चुकलं कुठे? लोखंडी शाफ्टवर वारंवार लोड आला की तो थकतो, शेवटी तुटतो. स्नायूचं उलटं असतं. पेलेल एवढा लोड, मग विश्रांती आणि नीट जेवण मिळालं की तो स्वतःला दुरुस्त करतो आणि जास्त मजबूत होतो. वयाबरोबर ही दुरुस्ती मंदावते, बंद पडत नाही. अमेरिकेत नव्वदीच्या आजी-आजोबांकडून आठ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, त्याचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली होती!

आपल्याकडचं उदाहरण रोहन बोपण्णाचं. लहानपणी तो पुण्यात टेनिस शिकला. पुढे गुडघ्यांतली कूर्चा झिजली, खेळ सोडायचा विचारही मनात आला. मग त्याने अय्यंगार योग सुरू केला, म्हणजे पुन्हा पुण्याचीच विद्या. मांड्यांचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. जानेवारी २०२४ मध्ये, ४३ व्या वर्षी, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली आणि तो जगात पहिल्या क्रमांकावर पोचला.

आजचं ट्रेनिंग म्हणजे नुसता घाम गाळणं नाही. आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम, कष्टाच्या दिवसानंतर हलका दिवस आणि पुरेशी झोप. वय वाढलं की तेवढाच स्नायू बांधायला प्रथिनं जास्त लागतात, तीही एकदम रात्री नाही, प्रत्येक जेवणात थोडी थोडी. आपल्या सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी झकासच, पण ज्वारीत लायसिन हा घटक कमी असतो. तो डाळ, दही, अंडी भरून काढतात. म्हणून मेसमध्ये वरणाची वाटी परत करू नका!

गेल्या महिन्यात डॉक्टरांना विचारून पप्पांनी सुरुवात केली: हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. पहिल्या दिवशी चार वेळा जमलं. काल रात्री हॉस्टेलवर फोन आला, "अगं, आज अठरा!"

तुमच्या घरीही कुणी खेळ सोडला असेल, तर आज एक फोन कराच.