विरोधातले वचन आणि सत्तेतली अट

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाच्या नोंदी घ्यायला गटात गेलो की बांधावर एक वाक्य हमखास कानी पडते : "साहेब, आमची माणसं निवडून येऊ देत, कर्ज माफ झालंच म्हणून समजा. आता कशाला भरायचं?" म्हणून आज खत-पाणी बाजूला ठेवून थोडे याविषयी.

आम्ही मूळचे देवबागचे. आमचे गाव तेव्हा राजापूर लोकसभा मतदारसंघात होते. तिथले खासदार प्रा. मधु दंडवते बरीच वर्षे विरोधी बाकावर होते, आणि दोनदा केंद्रात मंत्री झाले. त्या दोन सरकारांकडे पाहिले की वचनांचे तीन प्रकार दिसतात.

पहिले सहीचे. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना, दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाल्यावर, परत कामावर घेतले गेले. तिथे सरकारची सही पुरली.

दुसरे बाजाराचे. ऑगस्ट १९७८ मध्ये त्याच जनता सरकारने साखरेवरचे नियंत्रण उठवले. पण आदल्या हंगामात देशात सुमारे ६५ लाख टन साखर झालेली. भाव कोसळले, शेतकऱ्याने ऊस कमी केला, त्यात १९७९ चा दुष्काळ. १९७९-८० मध्ये उत्पादन सुमारे ३९ लाख टनांवर आले. डिसेंबर १९७९ मध्ये नियंत्रण पुन्हा आले, तेही जनता पक्षातून फुटलेल्या चरणसिंगांच्या सरकारकडून!

तिसरे तिजोरीचे. १९८९ च्या निवडणुकीत राष्ट्रीय आघाडीने दहा हजारांपर्यंत कर्जमाफी कबूल केली. दंडवते अर्थमंत्री झाले, १९९० मध्ये माफी आलीही. पण कागदावर येताना अटी लागल्या : २ ऑक्टोबर १९८९ रोजी थकलेली रक्कमच धरली, मुद्दाम थकवणारे वगळले. वेळेवर भरणाऱ्याच्या पदरात काहीच पडले नाही, हे दुखणे आजही ऐकायला मिळते.

विरोधात असताना 'काय द्याल?' एवढेच विचारले जाते. खुर्चीवर बसल्यावर 'कुठून द्याल, कुणाला द्याल?' हे विचारले जाते. पक्ष बदलतो तो इथे. दर वेळी लबाडीच असते असे नाही.

तेव्हा कुणीही वचन दिले, अगदी आपल्या वार्षिक सभेत दिले तरी, सही, बाजार की तिजोरी, एवढे विचारा. आणि माफीच्या भरवशावर सोसायटीचे कर्ज थकवू नका. माफीची तारीख आणि अट सरकार ठरवते. व्याज मात्र रोज चढते.

आपला,
ऊस विकास अधिकारी