दोन सांध्यांमधील अंतर

वाफ, तेल किंवा दाबाखालील पाणी वाहून नेणाऱ्या पोलादी नळ्यांचें जाळें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं साखरेच्या कारखान्यांत पाहिलें असेल. नळी वळवावयाची असेल तेथें एल्बो आणि फांदी काढावयाची असेल तेथें टी बसवितात, व हे भाग वेल्डिंगनें जोडतात. अशा दोन सांध्यांमध्यें सरळ नळी किती ठेवावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु नळींत तप्त वाफ कोंडलेली असतां शेजारीं उभ्या असलेल्या कामगाराचा जीव त्याच्या उत्तरावर अवलंबून असूं शकतो. म्हणून त्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम सांध्यांत काय घडतें तें पाहूं. वेल्डिंग करतांना पोलाद सुमारें १,५०० अंश सेंटिग्रेडला वितळतें. त्याला लागून असलेली कांहीं मिलिमीटर रुंदीची पट्टी वितळत नाहीं. पण अतिशय तापून निवाल्यामुळें तिची अंतर्रचना बदलते, व कित्येकदां ती ठिसूळ बनते. शिवाय निवतांना सांधा आकुंचन पावूं पाहतो, आणि शेजारचें थंड पोलाद त्याला आकसूं देत नाहीं. या ओढाताणीचा ताण सांधा थंड झाल्यावरहि आंत कोंडून राहतो. सांध्यापासून दूर जावें तसतसा तो ओसरतो. दुसरा सांधा फार जवळ आला म्हणजे दोहोंचे ताण एकमेकांत मिसळतात, आणि भेग पडण्याचा धोका वाढतो.

किती अंतर पुरेसें, याचा अदमास काढण्याची एक रीत अशी : नळीची मध्यम त्रिज्या व जाडी यांचा गुणाकार करावा, त्याचें वर्गमूळ काढावें आणि त्याची अडीचपट करावी. नेहमीच्या ४ इंची नळीचा बाहेरचा व्यास ११४.३ मि.मी. व जाडी सुमारें ६ मि.मी. असते, म्हणजे मध्यम त्रिज्या सुमारें ५४ मि.मी. झाली. ५४ गुणिले ६ म्हणजे ३२४. त्याचें वर्गमूळ १८. आणि अडीचपट ४५ मि.मी. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं इतर नळ्यांचें गणित स्वतः करून पाहावें.

आतां एक उदाहरण घेऊं. ४ इंची नळी एका रेषेंतून बाजूच्या समांतर रेषेंत न्यावयाची आहे. त्यासाठीं दोन काटकोनी एल्बो लागतात. लांब वळणाच्या एल्बोचें मध्यापासून टोकापर्यंतचें माप ६ इंच असतें. तेव्हां दोन एल्बो एकमेकांस जोडले कीं रेषांमध्यें १२ इंचांचें अंतर पडतें, व दोहोंमध्यें सांधा एकच राहतो. ही रचना सामान्यतः चालते. पण नकाशांत हें अंतर १३ इंच धरलें, तर मध्यें १ इंचाचा तुकडा घालावा लागतो, आणि अवघ्या २५ मि.मी. अंतरावर दोन सांधे येतात. अंतर शून्य असण्यापेक्षां असें तोकडें अंतर अधिक वाईट, हें पाहून पुष्कळांना नवल वाटेल. तेंच १४ इंच धरलें तर तुकडा सुमारें ५१ मि.मी. होतो व अडचण मिटते.

ताणाखेरीज आणखी एक कारण आहे. त्या चिंचोळ्या जागेंत वेल्डरचा हात नीट फिरत नाहीं. पुढें ध्वनिलहरींनीं सांधा तपासणाराला आपलें उपकरण सांध्याच्या बाजूला सरकविण्यास सपाट जागा लागते. एल्बोच्या वक्र पाठीवर तें नीट टेकत नाहीं. जो सांधा नीट तपासतां येत नाहीं, त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारें ठेवावा ?

कारखान्यांतील नळ्यांविषयींच्या बी ३१.३ या अमेरिकन संहितेंत दोन वेढ्याच्या सांध्यांसाठीं किमान अंतराचा एकच बंधनकारक आंकडा दिलेला नाहीं. निर्णय आंखणाराच्या विवेकावर सोपविला आहे. म्हणूनच त्याची जबाबदारी मोठी. कागदावर रेघ एक इंच सरकविण्यास रबर व पेन्सिल पुरते. तीच नळी उभी राहिल्यावर कापावयाची झाली तर काम थांबतें, आणि न कापतां तशीच ठेवली तर धोका थांबत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें नकाशे आंखतील किंवा सांधे जोडतील, त्यांनीं आपल्यामागून त्या नळीशेजारीं काम करणाऱ्या माणसाची आठवण ठेवून ही चार बोटांची जागा मोकळी सोडावी.