प्रवास न सोसणारी पेल एल

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो येथील हॉजसन यांच्या कारखान्यांतली बीअर पिंपांत भरून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढे आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांनीं मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत उतरे. पुढें १८२० नंतर बर्टन-ऑन-ट्रेंट येथील ऑलसॉप, बास इत्यादि कारखानदारांनीं हा व्यापार आपल्याकडे ओढला. ही बीअर मुद्दाम हिंदुस्थानाकरितांच शोधून काढली, ही लोकप्रिय कथा मात्र खरी नव्हे. तसली फिकट, पुष्कळ हॉप घातलेली बीअर विलायतेंत आधींपासून होतच असे. ती प्रवासांत टिकली म्हणून इकडे पसंत पडली आणि कालांतरानें तिला ‘इंडिया पेल एल’ हें नांव मिळालें.

हॉप म्हणजे एका वेलीचीं शंकूच्या आकाराचीं हिरवीं फुलें. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशीं पिवळी भुकटी असते आणि तींत दोन प्रकारचीं द्रव्यें असतात. एक कडू राळ, दुसरें सुगंधी तेल. राळ तासभर उकळली म्हणजे तिचा कडूपणा काढ्यांत उतरतो व बीअर आंबविणाऱ्या कित्येक जंतूंना तो मानवत नाहीं. लोणच्यांत मीठ जें काम करतें, तेंच काम येथें हॉप करतो. तेल मात्र त्या तासाभरांत वाफेबरोबर उडून जातें.

आज अमेरिकेंत याच नांवाखालीं जी गढूळ पेल एल गाजत आहे, तिचा सारा जीव या उडून जाणाऱ्या तेलांत आहे. दिसावयास ती संत्र्याच्या रसासारखी, कडूपणा बेताचा, आणि वास आंब्याचा, पपनसाचा. वास्तविक फळ तिच्यांत एकहि नसतें! तिचा उगम व्हरमाँट या लहानशा डोंगराळ संस्थानांत झाला. तेथें बर्लिंग्टन शहरीं ग्रेग नूनन यांनीं १९८८ सालीं बीअरगृह काढलें. त्यांच्या हाताखालीं तयार झालेले जॉन किमिच यांनीं २००३ मध्यें वॉटरबरी गांवीं आपलें स्वतंत्र बीअरगृह थाटलें आणि ‘हेडी टॉपर’ नांवाची बीअर केली. ऑगस्ट २०११ मधील वादळाच्या पुरानें तें गृह पार बुडालें. सुदैवानें डबे भरण्याचा त्यांचा नवा कारखाना उंचावर सुरक्षित होता; पुरानंतर दोनच दिवसांनीं तेथून पहिले डबे बाहेर पडले. गढूळ बीअर म्हणजे बिघडलेली बीअर, असें मानणाऱ्या धंद्यानें अखेर २०१८ मध्यें तिला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली.

हा गढूळपणा येतो कोठून? जवाबरोबर ओट व गहू घातले म्हणजे प्रथिनें वाढतात. हॉपमधील तुरट द्रव्यें त्यांना चिकटतात आणि ते सूक्ष्म कण तळाशीं न बसतां तरंगत राहतात. गढूळपणा हा येथें परिणाम आहे, हेतु नव्हे. केवळ रूप साधावें म्हणून कढईंत पीठ टाकणारे लोकहि निघाले. त्यांच्या बीअरीला रूप आलें, वास आला नाहीं.

घरगुती बीअर करण्यास अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें १९७८ च्या कायद्यानें मोकळीक दिली, तेव्हांपासून तेथील घरोघरच्या हौशी लोकांत हा उद्योग फोफावला. (महाराष्ट्रांत परवान्यावांचून असें करणें गुन्हा आहे, हें येथेंच सांगितलेलें बरें.) वीस लिटरांसाठीं मोड आणून वाळविलेलें जव व त्यांत पांचवा हिस्सा ओट-गहू, असें एकूण पांच किलो धान्य भरडून ६७ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत तासभर भिजवितात. गोड काढा गाळून उकळतात, पण हॉप त्या वेळीं नांवापुरताच घालतात. विस्तव विझवून काढा ८० अंशांवर आला म्हणजे खरा हॉप पडतो. मग काढा थंड करून किण्व घालावयाचें, आणि आंबण संपत आली कीं दीड-दोनशें ग्रॅम कोरडा हॉप दोन-तीन दिवस थंड बीअरींतच मुरवावयाचा. अशा रीतीनें तेल उडत नाहीं.

येथवर सर्व सोपें आहे. बहुतेकांचा घात होतो तो यापुढें, बाटल्या भरतांना. आंबण चालू असतांना किण्व प्राणवायु गट्ट करतें; पण तयार बीअर नळीनें उघड्यावर ओतली, कीं हवा तींत शिरते आणि ओट व हॉप यांनीं भरलेली ही बीअर कापलेल्या सफरचंदासारखी काळवंडते. पंधरवड्यांत पिवळा रंग मातकट जांभळट होतो, आंब्याचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा येतो. महिन्याची मेहनत व महागाचा हॉप, दोन्ही मोरींत. म्हणून जाणते लोक पिंपांत आधीं कार्बन डायऑक्साइड वायु भरून हवा हांकलतात आणि बंद नळीनेंच बीअर तींत सोडतात.

दुसरा धोका स्फोटाचा. कोरड्या हॉपबरोबर कांहीं पाचक द्रव्यें बीअरींत येतात व किण्वाला न पचलेली शर्करा फोडून पचण्याजोगी करतात. आंबण पुन्हां सुरू होते आणि बाटली फुटते. हें कोडें नवें नाहीं. बर्टनचे रसायनज्ञ होरेस ब्राउन आणि त्यांचे सहकारी मॉरिस यांनीं तें १८९३ मध्येंच उलगडलें होतें. उपाय एकच: हॉप घातल्यावर बीअरीचें विशिष्ट गुरुत्व तीन-चार दिवस मोजावें, तें स्थिर राहिल्याखेरीज बूच लावूं नये, आणि लावल्यावर बाटल्या थंडगार ठेवून महिन्याभरांत संपवाव्या.