वाजंत्र्यांचे दोन सुने उन्हाळे

लग्नाच्या मांडवात सर्वांत आधी येणारा आणि सर्वांत शेवटी जेवणारा माणूस कोण, असे विचारले तर आमच्या सोलापुरात तरी उत्तर एकच येईल : वाजंत्री. वरात असो, गणपतीचे विसर्जन असो की आंबेडकर जयंतीची मिरवणूक, त्याच्यावाचून आपले पान हलत नाही. पण कार्य उरकले की हा माणूस काय खातो, पावसाळा कसा काढतो, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. करोनाच्या साथीने हा प्रश्न आपल्या उंबऱ्याशी आणून उभा केला. ती साथ आता मागे पडली आहे, प्रश्न मात्र तिथेच आहे.

वाजंत्र्याचे वर्ष कॅलेंडरच्या पानांवर नव्हे, तिथींवर चालते. तुळशीचे लग्न लागले की त्याचे काम सुरू होते. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, तीत नंदीध्वजांपुढे हलगी कडाडते. मग चैत्रातल्या गावोगावच्या जत्रा आणि वैशाखातल्या दाट तिथी. या सहा-सात महिन्यांत जे गाठीला बांधाल, त्यावर पुढचे दिवस ढकलायचे. मध्ये गणपती-नवरात्राचा तेवढा आधार.

२०२० सालचा गुढीपाडवा होता २५ मार्चला, आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. उभ्या पिकावर गारपीट व्हावी, तसे झाले. जूनमध्ये निर्बंध सैल होऊ लागले, तोवर लग्नसराई सरली होती. लग्नाला परवानगी मिळाली तीही पन्नास माणसांची. पन्नासांत पंधरा बँडवाले मोजायचे म्हटल्यावर कोणता यजमान त्यांना बोलावणार? एप्रिल २०२१ मध्ये तर पंचवीस माणसे आणि दोन तास, असा नियम आला. जिथे सख्ख्या मामाला जागा मिळेना, तिथे क्लॅरिओनेटवाल्याला कोण विचारतो?

आमच्या पेठेतल्या एका बँडमालकाची वही मी त्या काळात पाहिली. एप्रिल-मेच्या पानांवर तारखाच तारखा, आणि प्रत्येक तारखेवर एक आडवी रेघ. या धंद्यात करारनामा नसतो. यजमान विसार देतो, मालक वहीत तारीख लिहितो, झाला व्यवहार. त्या विसारातूनच गणवेश शिवले जातात, ढोल मढवले जातात, वाजवणाऱ्या पोरांना उचल दिली जाते. लग्ने मोडली तेव्हा यजमान विसार परत मागायला आले. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही, कारण त्यांच्या घरीही हात आखडलेलाच होता. काहींनी तो पुढच्या सालावर ठेवला, आणि पुढच्या सालीही वहीत रेघच आली. बाकीच्यांचे पैसे मालकाने बायकोचा दागिना मोडून फेडले. “तारीख गेली तर जाऊ द्या, पण शब्द गेला तर पुन्हा कोण बोलावील?” असे तो म्हणाला.

वाजवणाऱ्यांनी काय केले? कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गवंड्याच्या हाताखाली गेला, कोणी शेतमजुरीला. सोलापुरात कित्येक घरांचा संसार बायकांच्या विडीच्या सुपावर तरतो, पण पहिल्या टाळेबंदीत कारखाने बंद पडले आणि तो आधारही काही काळ सुटला. मग किराणावाल्याची उधारी, आणि अगदीच गळ्याशी आले की वाद्य गहाण. ज्यांनी ते विकले नाही, त्यांचीही कोंडी होती. दमट हवेत ढोलकीचे चामडे उतरते, पेटीचा भाता कुरतडला जातो. शिवाय फुंकून वाजवणाऱ्याची सारी पुंजी त्याच्या छातीत, आणि हा आजार नेमका छातीवर बसणारा!

शहराबाहेर याहून निराळे नव्हते. पुण्याच्या रस्त्यावरचे मोडनिंब हे संगीतबारीचे गाव. तिथे नाचणारणीचे नाव लोकांच्या तोंडी असते, पण तिच्यामागे बसणारे ढोलकी, तबला नि पेटीवाले त्याच बैठकीच्या पैशावर जगतात. बैठक बंद, म्हणजे सगळ्यांचीच चूल बंद. पंढरपुरात २०२० आणि २०२१ अशा दोन्ही आषाढ्या वारकऱ्यांवाचून झाल्या, पालख्या एसटीने आल्या. मग टाळ-पखवाजाच्या दुकानांपुढे गिऱ्हाईक कुठून येणार? मे २०२१ मध्ये तमाशासम्राज्ञी कांताबाई सातारकर याच आजाराने गेल्या.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या ५६ हजार कलाकारांना प्रत्येकी पाच हजार रुपये देण्याचे ठरले. पण टाळेबंदीपासूनचे सतरा महिने मोजले तर हा हिशेब दिवसाला दहा रुपयांचाही होत नाही. ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन योजना आहे. २०२४ मध्ये ती रक्कम दरमहा पाच हजार झाली, ही चांगलीच गोष्ट. पण ती उतारवयातल्यांची. लग्नात ट्रंपेट फुंकणारा पंचविशीतला पोरगा कोणत्या यादीत बसतो? आपण कलाकार आहोत, असा कागद त्याने कुठून आणावा?

जर्मनीत १९८३ पासून कलावंतांसाठी खास सामाजिक विमा आहे. निम्मा हप्ता कलावंत भरतो, उरलेला सरकार आणि त्याच्या कलेचा धंद्यात उपयोग करणाऱ्या संस्था मिळून भरतात. तिथल्या कलावंतांनाही साथीची झळ लागलीच, पण निदान आजारपणाचा विमा नि म्हातारपणाची बेगमी त्यांच्या गाठीला होती. आपल्याकडे असे काही होईल तेव्हा होवो. तोवर मंगल कार्यालये, मिरवणुकांची मंडळे, बँडमालक आणि महापालिका यांनी मिळून शहरातल्या वाजवणाऱ्यांची एक साधी नोंदवही करायला काय हरकत आहे?

आणि आपल्या हातातलेही काही आहेच. घरचे कार्य ठरले की मांडववाल्याची, आचाऱ्याची पावती आपण जपून ठेवतो. तशीच वाजंत्र्याशीही दोन ओळींची चिठ्ठी करावी. कार्य रद्द झाले तर विसाराचे काय, हे तीत आधीच लिहावे आणि निम्मा तरी त्याच्याकडे राहू द्यावा. चार तासांच्या वाजवण्यासाठी त्याने तो दिवस आपल्या नावावर राखून ठेवलेला असतो, दुसऱ्याचे बोलावणे नाकारलेले असते. त्या राखलेल्या दिवसाचेही मोल असते.